सफरचंदाचा पहिला चमचा

कार्तिक सरत आला की आमच्या गल्लीच्या तोंडाशी सफरचंदांची गाडी उभी राहते. जळगावात केळ्यांचं कौतुक कुणाला? ती घरचीच. यावलकडून बैलगाड्या भरभरून येतात, दारात घड टांगलेला असतो, पोरं येताजाता तोडतात. सफरचंद मात्र पाहुणं. लांबून, थंड मुलखातून, गवतात गुंडाळून आलेलं. हातात घेतलं की अजून थोडा तिकडचा गारवा लागतो असं मला उगाच वाटतं.

परवा सूनबाईने चार आणली. म्हणाली, "आई, दात दुखतात म्हणता ना, मऊ शिजवून देते." तिने साल काढली, फोडी केल्या, साखर घातली, दोन लवंगा आणि दालचिनीचा तुकडा टाकला आणि कुकर लावला. दुसऱ्या शिटीला तो वास स्वयंपाकघरातून ओसरीवर आला. मी निवडत बसले होते ते तांदळाचं ताट बाजूला ठेवलं. काही वासांना वयच नसतं. छातीवरचं मोठं ओझं कुणी अलगद उतरवून ठेवावं तसं मला हलकं वाटलं, आणि असं का वाटलं ते सूनबाईला सांगायला शब्द सापडेनात. म्हणून लिहायला बसले.

दुसरी मोठी लढाई नुकतीच संपली होती त्या हिवाळ्याची ही गोष्ट. माझ्या लग्नाला दुसरं वर्ष होतं. घरात आम्ही चौघं: हे, मी, माझ्या सासूबाई आणि धाकटी नणंद इंदू. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे. सासरे आधीच गेले होते. ह्यांची नोकरी भुसावळला, रेल्वेच्या पार्सल हापिसात. सकाळच्या पॅसेंजरने जायचं, दिवेलागणीला परत यायचं.

त्याच वर्षी पावसाळ्यानंतर ह्यांच्या हापिसातला गोरा साहेब नोकरी संपवून विलायतेला निघाला. त्याच्या मडमेने जाताना घरातल्या वस्तू वाटून टाकल्या. कुणाला खुर्ची मिळाली, कुणाला पडदे. ह्यांच्या वाट्याला आला जाड ॲल्युमिनियमचा एक कुकर. आज घरोघरी असतो तसला सुटसुटीत नव्हे. घागरीएवढा, उचलला तर हात भरून यावा असा. झाकण बसवायला भोवती सहा नट, वर घड्याळासारखी तबकडी आणि वाफ सोडायची छोटीशी तोटी. ह्यांनी तो मोठ्या हौसेने खांद्यावरून आणला आणि ओसरीवर ठेवला.

आत्याबाईंनी लांबूनच पाहिला. "हाई काय शे?"

"कुकर आहे, माय. यात डाळ पाव घटकेत शिजते. आत वाफ कोंडते ना, म्हणून."

"कोंडेल वाफ फुटस," त्या म्हणाल्या. "रेल्वेना इंजिनवालाले इचार. मन्हा घरमा हाई बाम नको."

लढाईच्या बातम्या ऐकून बाँब हा शब्द त्यांच्या तोंडी रुळला होता. कुकर फडताळावर गेला. त्याच्याबरोबर आलेली इंग्रजी पुस्तिका ह्यांनी फावल्या वेळी वाचली. मला म्हणायचे, "यात मटणापासून सफरचंदापर्यंत सगळं लिहिलंय, बघ." मी बघत असे. चित्रातली मडम हसत हसत झाकण उघडत होती. आमच्या घरात ते झाकण कधी उघडेल असं मला वाटत नव्हतं.

दिवाळी झाली. कार्तिकी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी इंदू शाळेतून लवकर आली आणि दप्तर न काढताच भिंतीला टेकून बसली. तेरा वर्षांची पोर. हात लावला तर तव्यासारखा. चार दिवस आम्ही काढे दिले. पाचव्या दिवशी डॉक्टर आले. त्यांनी जीभ पाहिली, पोट दाबून पाहिलं आणि ह्यांना अंगणात घेऊन गेले. मी दारामागून ऐकलं. मुदतीचा ताप.

आजच्या पोरींना या शब्दाची धडकी कळायची नाही. आज त्याला टायफॉईड म्हणतात, गोळ्या आहेत. तेव्हा त्या तापाला औषध म्हणजे दिवस. एकवीस दिवस, कधी अठ्ठावीस. आतडी आतून हुळहुळी होतात, त्यांना धक्का लागता कामा नये, म्हणून अन्न बंद. बार्लीचं पाणी, मोसंबीचा रस, दूध फाडून वर आलेलं पाणी. एवढ्यावर माणूस जगवायचं आणि वाट पाहायची.

आम्ही वाट पाहिली. इंदूचे केस कापावे लागले. कापलेली वेणी आत्याबाईंनी फडक्यात बांधून देवापाशी ठेवली. इंदूचे डोळे मोठे दिसू लागले, मनगटाची हाडं वर आली. मी तिच्या कपाळावर पाण्याच्या पट्ट्या बदलत असे. पट्टी ठेवली की क्षणात कोमट होई. त्या कोमटपणाचाच मला राग यायचा.

मधे चंपाषष्ठी आली. खानदेशात त्या दिवसापासून वांगी खायला मोकळीक, आणि जळगावात वांग्याचं भरीत म्हणजे काय ते इथल्यालाच कळतं. साऱ्या गल्लीत कपाशीच्या काड्या पेटल्या. हिरवी वांगी त्यावर तडतडायला लागली. धूर, कोवळ्या कांद्याच्या पातीचा वास, लसूण-मिरची कुटल्याचा ठसका. आमची चूल थंड होती. मी उठून खिडकी लावून घेतली.

"नको लावू, वहिनी," इंदू म्हणाली. आवाज नव्हताच, नुसता श्वास. "खायला मागत नाही मी. नुसता वास घेऊ दे."

मी खिडकी उघडली आणि मागच्या अंगणात जाऊन पोटभर रडले.

सव्विसाव्या दिवशी सकाळी पट्टी कोमट झाली नाही. मी पुन्हा हात लावून पाहिला. मग आत्याबाईंना हाक मारली. इंदूच्या मानेवर घाम होता. ताप उतरला होता. दुसऱ्या दिवशीही चढला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. आणखी दोन दिवस वाट पाहून डॉक्टर भल्या सकाळी, ह्यांच्या गाडीआधी आले आणि म्हणाले, "आता हळूहळू खायला द्या. अगदी मऊ. सफरचंद शिजवून, गाळून, चमचा-दोन चमचे. आज तेवढंच."

आत्याबाई दाराच्या चौकटीत उभ्या होत्या. म्हणाल्या, "नही."

डॉक्टरांना वाटलं, त्यांना नीट ऐकू आलं नसेल. त्यांनी पुन्हा सांगितलं.

"माले कळनं. पन मी देवाव नही. पानीच राहू द्या."

"अहो बाई, तिच्या अंगात आता काही उरलेलं नाही. ताप गेला. आता उपासानेच जाईल ती."

डॉक्टर ह्यांच्याकडे बघत राहिले. हे खाली बघत राहिले. मला कुणी काही सांगितलेलं नव्हतं, त्यामुळे मला त्या क्षणी आत्याबाईंचा संताप आला. वाटलं, ही बाई पोरीला उपाशी मारणार.

डॉक्टर गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेले तर त्या चुलीपाशी बसल्या होत्या. चूल विझलेली. मी म्हटलं, "आत्याबाई, डॉक्टर शिकलेले आहेत. त्यांचं तरी ऐका."

तेव्हा त्यांनी सांगितलं. चुलीतल्या राखेवर बोट फिरवत, माझ्याकडे न बघता. मी त्यांच्याच शब्दांत लिहिते आहे, कारण ते माझ्या शब्दांत बसत नाही.

"आम्ही धुळाले व्हतूत तवय. मन्हा मोठा पोऱ्या, वासू. नऊ वरीसना. त्याले हाऊच ताप. बावीसवा दिन ताप गया. तो बोलना, माय, भूक लागनी. सासू बोलनी, नको देऊ. मी आयकं नही. भाकरनी कोर दूधमा कुस्करी, मन्हा हातनी त्याले दिधी. तो हासना. तिसरा दिन पोट फुगनं. गया."

एवढंच. मग बोटाने राखेवर काढलेली रेघ त्यांनी तळहाताने पुसली.

ह्यांना एक मोठा भाऊ होता हे मला त्या दिवशी कळलं. दोन वर्षांत त्या घरात त्याचं नाव कुणी घेतलं नव्हतं. मघाचा माझा संताप कुठे गेला ते मला समजलं नाही. मी तिथेच त्यांच्याजवळ खाली बसले. आतल्या खोलीत इंदू निजली होती आणि तिच्या श्वासाकडे आम्हा दोघींचे कान होते.

थोड्या वेळाने मी म्हटलं, "आपण शिजवून तर बघू. तुम्ही बोटांनी दाबून बघा. तुमच्या मनाला पटलं तरच द्यायचं. नाही पटलं तर मी पुन्हा नाव काढणार नाही."

त्यांनी मान हलवली नाही, पण नाहीही म्हटलं नाही.

ह्यांनी त्या संध्याकाळी भुसावळहून येताना सहा सफरचंदं आणली. स्टेशनाबाहेर फळांची टोपली घेऊन बसणारे रहीमचाचा ह्यांच्या ओळखीचे. पंजाबकडच्या गाडीने त्यांचा माल येई. आजारी पोरीसाठी हवीत म्हटल्यावर त्यांनी पूर्ण टोपली उपसली, एकेक फळ कानाजवळ नेऊन हलवून पाहिलं आणि तळातली निवडून दिली. "बहन को बोलना, चाचा ने दुआ भेजी है," असा निरोपही दिला. हे निरोप सांगताना जरा हसले. महिन्याभरात ह्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहत होते.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी रजा टाकली. मी पातेल्यात दोन सफरचंदं शिजवली. फळ कडक, थंडीतलं. बराच वेळ शिजवलं, पाणी पुन्हा पुन्हा घातलं, पळीने घोटलं. आत्याबाईंनी चिमूटभर घेऊन अंगठा आणि बोट यांच्यात चोळलं. त्यांचं बोट थांबलं.

"रवा लागस," त्या म्हणाल्या आणि हात धुतला.

मीही चोळून पाहिलं. खरंच होतं. बारीक कणी लागत होती. आपण निरोगी माणसं असली कणी जिभेवरून कधी गेली हे जाणतही नाही. पण ती बाई कणीत सारं जग बघत होती.

ह्यांनी फडताळाकडे पाहिलं. मग मी पाहिलं. शेवटी आत्याबाईंनी पाहिलं.

"पुस्तकात लिहिलंय," हे हळूच म्हणाले, "हाडंसुद्धा मऊ होतात म्हणे त्यात."

आत्याबाई उठून अंगणाच्या दारापाशी गेल्या. मग म्हणाल्या, "घरमा नको. अंगनमा लाव."

अंगणात शेगडी पेटवली. ह्यांनी पुस्तिका एका हातात धरून कुकरात मोजून पाणी ओतलं. मी सफरचंदांची साल काढली, बिया काढल्या, पातळ फोडी करून वाडग्यात घातल्या. वाडगं आत ठेवणार तेवढ्यात मागून आत्याबाईंचा आवाज आला. "थांब वं." त्या ओट्यावरून उतरून आल्या. मुठीत दोन लवंगा आणि दालचिनीचा इवलासा तुकडा. "हाई फळ थंड शे. महिनाभर आजारी पोर. लवंग टाक, मंग काढी ले."

त्या लवंगा माझ्या तळहातावर पडल्या तेव्हा मला कळलं की निम्मं काम झालं. द्यायचंच नसेल तर फळ थंड असलं काय आणि ऊन असलं काय.

ह्यांनी सहाही नट आवळले. आम्हाला लांब उभं राहायला सांगितलं आणि स्वतः मात्र तबकडी दिसावी म्हणून जवळ उकिडवे बसले. तोटीतून आधी फुसफुस वाफ आली, मग त्यांनी तोटी बंद केली. काटा हलायला लागला. आत्याबाई तुळशीआड उभ्या राहून माझा दंड घट्ट धरून होत्या. त्यांची नखं मला रुतत होती, पण मी हात सोडवला नाही. शेजारच्या गच्चीवरून कुणीतरी विचारलं, "काय चाललंय हो?" ह्यांनी हात वर करून गप्प राहायची खूण केली. काटा एका जागी थांबला. हे खिशातलं घड्याळ पाहत होते. दहा मिनिटं. मग चिमट्याने कोळसे बाजूला ओढले आणि निवायची वाट पाहिली. ती वाट सगळ्यांत लांब.

फुटलं काहीच नाही. ह्यांनी तोटी उघडली, उरलीसुरली वाफ सुटली, नट ढिले झाले आणि झाकण उचललं तेव्हा अंगणभर तो वास पसरला. ऊन फळाचा, लवंगेचा, दालचिनीचा. सणाचा नव्हे, औषधाचाही नव्हे. मधला कुठलातरी. थंडीची दुपार होती, उन्हात तुरीच्या शेंगा वाळत होत्या, आणि तो वास अंगाभोवती धाबळीसारखा लपेटला.

मी लवंगा काढल्या. आत्याबाईंनी बोटं पुढे केली. फोड उचलायला गेल्या तर ती उचलली जाईना, बोटांतून निसटली. त्यांनी चोळली. पुन्हा चोळली. मग मलमलीचं धुवट फडकं आणलं आणि स्वतः त्यातून ते गाळलं. फडक्यावर काही उरलं नाही. त्यांनी फडकं उजेडात धरून उलटसुलट पाहिलं. काही नाही. नुसता पिवळसर ओलावा.

"आते दे," त्या म्हणाल्या.

मी वाटी त्यांच्यापुढे केली. त्यांनी हात मागे घेतला. "मी नही. तू तुन्हा हातनी दे."

मी इंदूच्या उशाशी बसले. तोपर्यंत भीती त्यांची होती, आता ती माझ्या हातात चमच्यासकट आली होती. इंदूने तोंड उघडलं. ओठ फाटलेले. मी चमचा आत दिला. तिने गिळलं नाही, जिभेवर धरून ठेवलं. डोळे मिटले. डोळ्यांच्या कडांतून पाणी कानांकडे वाहत गेलं. मग गिळलं.

"अजून," ती म्हणाली.

दुसरा चमचा दिला. तिसरा डॉक्टरांनी सांगितला नव्हता, म्हणून मी वाटी उचलून घेऊन बाहेर आले. तिचं "वहिनी, अजून" माझ्या पाठीवर आपटत राहिलं.

मग तीन दिवस. त्या तीन दिवसांबद्दल मला फार लिहिता येणार नाही. सकाळी, दुपारी, संध्याकाळी दोन-दोन चमचे. प्रत्येक वेळी ताजं शिजवलेलं, प्रत्येक वेळी मलमलीतून गाळलेलं. आत्याबाई दर तासाला इंदूच्या पोटावर तळवा ठेवून बघत. फुगलं नाही ना, कडक नाही ना. तिसऱ्या दिवशी त्या सकाळपासून दारात बसून होत्या. पाणीही प्यायल्या नाहीत. डॉक्टर दुपारी आले, त्यांनी पोट तपासलं आणि म्हणाले, "छान आहे. उद्यापासून चमचे वाढवा. भाताची पेज द्या." आत्याबाई दारातून उठल्या नाहीत. ऊन भिंतीवर चढलं, उतरलं, गुरं परत आली, दिवा लावला. इंदू शांत झोपली होती. पोट मऊ, श्वास सरळ. तेव्हा कुठे त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तू जेवनी का वं?"

इंदू आज दोंडाईच्याला सुना-नातवंडांत आहे आणि चांगली ठणठणीत आहे, म्हणून मी हे मोकळेपणाने लिहू शकते. नाहीतर असल्या आठवणींना कोण हात लावतो? सुटका झाल्यावरच माणूस मागे वळून दरीची खोली बघतं. आणि सुटकेचं असं असतं की ती एकदम येत नाही. ताप उतरला तेव्हा आली नाही, पहिला चमचा गेला तेव्हाही नाही. ती थेंबाथेंबाने घरात उतरत होती. ह्यांनी पुन्हा दाढी केली. मी वेणीत फूल घातलं. शेजारणीने भरीत आणून दिलं आणि आम्ही ते मिटक्या मारत खाल्लं.

चौथ्या दिवशी सकाळी मी कुकर उघडून वाटी भरली आणि आत निघाले तर आत्याबाई वाटेत उभ्या. त्यांनी नुसता हात पुढे केला. मी वाटी दिली. त्या इंदूजवळ बसल्या, चमचा भरला, फुंकर घातली आणि स्वतःच्या हाताने लेकीला भरवला. मी दाराबाहेरच थांबले. त्या तिला भरवताना काही पुटपुटत होत्या. काय ते मी ऐकलं नाही. ते ऐकायचा माझा हक्क नव्हता.

पुढे पंधरा-वीस दिवस गेले असतील. सफरचंदांवरून पेज, पेजेवरून मऊ भात. इंदू भिंत धरून चालायला लागली. डोक्यावर मखमलीसारखे बारीक केस उगवले. एके दिवशी सकाळी आत्याबाई आडावर पाण्याला गेल्या होत्या. मी इंदूची वाटी भरली आणि उरलेलं दोन घास सफरचंद ह्यांच्या ताटलीत काढलं. इंदू दाराला टेकून उभी राहून ते बघत होती हे मला माहीत नव्हतं.

"ते माझं आहे!" ती ओरडली. खरोखर ओरडली, गळ्याच्या शिरा ताणून. "भाऊला का देतेस? तो काय आजारी होता? आणि साखरही कमी घातलीस, कालही कमी होती! तू मुद्दाम करतेस, वहिनी! वैरीण आहेस तू माझी!"

मी थिजले. दीड-दोन महिन्यांनंतर त्या घरात एवढा मोठा आवाज उठला होता. तेवढ्यात मागच्या दाराशी आत्याबाई दिसल्या. डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी, ओरडणं ऐकून धावत आलेल्या. पाणी हिंदकळून साडी भिजलेली. त्यांना वाटलं होतं, काही झालं. त्यांनी इंदूकडे पाहिलं. ती एका पायावर तोल सांभाळत, हात नाचवत माझ्या माहेरापर्यंत पोचली होती.

आत्याबाईंनी हंडा-कळशी उतरवून ठेवली. भिजल्या पदराने तोंड दाबून त्या खाली बसल्या. खांदे हलत होते. हसत होत्या का रडत होत्या कुणास ठाऊक. इंदू घाबरून गप्प झाली तसा त्यांनी पदर काढला आणि म्हणाल्या, "थांबनी का वं? भांड माय, भांड!"

मी वाटी खाली ठेवली, पदर कमरेला खोचला आणि इंदूच्या आवाजावर माझा आवाज चढवला.